लक्ष्याची घाबरगुंडी

मला बरीच वर्षं लक्ष्या डावखुरा वाटायचा.

दोष आमच्या मिरजेतल्या गल्लीचा. गणपतीत एका रात्री गल्लीत पडदा लागायचा. समोरासमोरच्या दोन गच्च्यांना दोर बांधून मधे पांढरं कापड ताणायचं. वारा सुटला की त्याचं पोट फुगायचं आणि पडद्यावरची माणसं एकदम अंगाने भरायची. पुढची जागा दिवेलागणीलाच सतरंज्या आणि पोती टाकून अडवलेली. त्या गर्दीत पोरांना कोण घेतंय? आम्ही पडद्याच्या पाठीशी, फरशीवर बसायचो. मागूनही सिनेमा तेवढाच दिसतो, फक्त उलटा. नावं वाचता येत नाहीत, आणि सगळी दुनिया डाव्या हाताने जेवते, डाव्या हाताने पिस्तूल चालवते. १९९४ च्या गणपतीत लक्ष्मीकांत बेर्डेचा तो बाहुल्याचा सिनेमा, 'झपाटलेला', मी असा पाहिला. नऊ वर्षांचा होतो. रीळ बदलायला प्रोजेक्टर थांबला की गल्लीतले दिवे लागायचे आणि तेवढ्यात पुढच्या आयाबाया मागे येऊन आपापली पोरं मोजून जायच्या. त्या रात्री एकही पोर जागचं हललेलं नव्हतं.

घरी आलो तर कपाटावर ताईची बाहुली. निळ्या डोळ्यांची, आडवी केली की पापण्या मिटणारी. त्या रात्री ती बसवलेली होती, म्हणजे डोळे उघडे. मी आजीच्या अंथरुणात शिरलो. काय झालं म्हणून आजीने विचारलं. मी सांगितलं, ती बाहुली बघतेय.

"बघू दे की. तिचं काय जातंय," असं म्हणून आजी दोन मिनिटांत घोरायला लागली.

गेल्या वर्षी हाच सिनेमा मी पुण्यात, घरी, माझ्या लेकीबरोबर पाहिला. सोफ्यावर बसून, सुलट. तीही नऊ वर्षांची. घाबरली तर जवळ घ्यायचं अशी माझी सगळी तयारी होती. ती अजिबात घाबरली नाही. बाहुल्याचं तोंड शब्दांबरोबर हलत नाही हे तिने पाचव्या मिनिटाला दाखवून दिलं. पण निम्मा सिनेमा झाल्यावर तिने विचारलं, "बाबा, हा केव्हापासून खरं सांगतोय. याचं कुणी ऐकत का नाही?"

"कारण तो लक्ष्या आहे," मी म्हणालो.

"म्हणजे?"

म्हणजे काय, ते मला धड सांगता आलं नाही.

मराठीत घाबरण्यासाठी किती शब्द आहेत बघा. घाबरगुंडी उडते, गाळण उडते, बोबडी वळते, दातखीळ बसते, पाचावर धारण बसते, हातपाय गळतात, ततपप होतं, आणि कट्ट्यावर बसणाऱ्यांची नुसतीच तंतरते. शब्दकोशात हे सगळे एकमेकांचे भाऊबंद. लक्ष्मीकांत बेर्डे हा माझ्या पाहण्यातला एकच नट, ज्याने ते निरनिराळे करून दाखवले. त्याची बोबडी वळायची तेव्हा जीभ अडायची, पण डोळे घडाघडा बोलत असायचे. पाचावर धारण बसली की माणूस उभ्या जागी अर्धा इंच खचायचा. घाबरगुंडीत पाय पळायला लागलेले असायचे आणि तोंडाला अजून कुणी कळवलेलंच नसायचं. तोंडावर आधीच्या प्रसंगातलं हसू तसंच. आणि ततपप तर त्याच्या खास मालकीचं. खरंखुरं घाबरलेला माणूस पहिल्या अक्षरावर अडतो. लक्ष्या कधीकधी आख्खं वाक्य फाडफाड बोलून जायचा आणि शेवटच्या शब्दावर अडायचा. वाक्याचा अर्थ त्याला स्वतःला तिथे पोचल्यावर कळायचा.

त्याच्याबद्दल लिहिणारे सगळे टायमिंग, टायमिंग म्हणतात. टायमिंग त्याच्या बरोबरीच्या पाचसहा जणांकडे होतं. घाबरणं त्याच्याएवढं कुणाकडे नव्हतं.

आपल्याकडचे आधीचे विनोदी नट फारसे घाबरत नाहीत. राजा गोसावींचा बेकार तरुण खिशात दमडी नसताना शीळ घालत चालतो. (गोसावी पुण्याच्या भानुविलास टॉकीजमध्ये बुकिंग क्लार्क होते, आणि १९५२ साली 'लाखाची गोष्ट' लागला तेव्हा स्वतः नायक असलेल्या त्या सिनेमाची तिकिटं स्वतःच खिडकीत बसून विकत होते. एवढी गंमत पाठीशी असलेला माणूस कशाला भिईल?) दादा कोंडक्यांचा भोळा भोळेपणाच्या आडून समोरच्यालाच खिंडीत गाठतो. शरद तळवलकर गोंधळतात, पण आपल्या घरात, आपल्या आरामखुर्चीत बसून गोंधळतात. अशोक सराफ तर संकट जितकं मोठं तितके थंड. लक्ष्या आला आणि पडद्यावर सरळ कबूल करून मोकळा झाला, मला भीती वाटते. घरमालकाची वाटते, साहेबाची वाटते, मुलीच्या बापाची वाटते, भुताची वाटते.

हे त्याने कुठून आणलं असेल, याचा मी उगाच विचार करत बसतो. जन्म २६ ऑक्टोबर १९५४ चा. गिरगावात कुंभारवाड्याच्या आसपास वाढला, भावंडांत धाकटा. घरात चार पैसे यावेत म्हणून लॉटरीची तिकिटं विकायचा. गणपतीतल्या नाटकांत कामं करायचा. पुढे मुंबई मराठी साहित्य संघात नोकरीला लागला, आणि नोकरी करता करता मिळतील ती बारकीसारकी कामं रंगमंचावर करत राहिला.

लॉटरी विकणाऱ्याकडे गिऱ्हाईक स्वतःहून येत नाही. ट्रेन पकडायला निघालेल्या माणसाला दोनतीन शब्दांत थांबवावं लागतं, आणि तो थांबेल की नाही ही धाकधूक दर गिऱ्हाइकाला नव्याने. लक्ष्याचा आवाज मला त्या फुटपाथवरचा वाटतो. जरा चिरका, घाईतला, समोरचा निघून जाईल म्हणून मागून धावत येणारा. हा आपला माझा अंदाज. पण त्याचे सिनेमे डोळे मिटून ऐकून बघा.

केळेवाडीतल्या साहित्य संघात मी नोकरीच्या निमित्ताने मुंबईत होतो तेव्हा जात असे. एकदा एका मित्राच्या प्रयोगाला मागे उभा होतो. मित्राचं काम एवढंच की दुसऱ्या अंकात टेलिफोन वाजवायचा. प्रेक्षागृहातला माणूस नाटक बघतो. विंगेतला माणूस फक्त काय चुकू शकतं तेवढं बघत असतो. तलवार म्यानात आहे ना, कपात चहा ओतलाय का, बाई साडी बदलून वेळेवर येतील ना. बटणावर अंगठा ठेवलेल्या माझ्या मित्राच्या तोंडावर जे भाव होते, ते मी आधी कुठे पाहिलेत हे आठवायला मला फार वेळ लागला नाही. बेर्डे त्या इमारतीत, पुढे आपलं नाव होईल की नाही हे ठाऊक नसताना, वर्षानुवर्षं राबला.

नाव झालं ते १९८३ च्या सुमाराला, 'टुरटुर'मुळे. पुरुषोत्तम बेर्डे यांचं नाटक. सगळी तरुण पोरं, सहलीला निघालेली, एकाच वेळी बोलणारी. त्या गलक्यातला एकजण लोकांच्या लक्षात राहिला. महेश कोठारे सांगतात की त्यांनी लक्ष्मीकांतला नाटकात पाहिलं आणि पुढे आपण सिनेमा काढू तेव्हा तू त्यात असशील म्हणून हातावर एक रुपया ठेवला. करार एवढाच. १९८४ मध्ये 'लेक चालली सासरला' आला, आणि १९८५ मध्ये त्या एका रुपयाचा 'धूमधडाका' झाला.

'धूमधडाका'तला त्याचा सगळ्यात गाजलेला प्रवेश भीतीचाच आहे. फक्त तिथे घाबरतात तळवलकर. सिनेमा काढायच्या वेडाने पछाडलेला मुलगा बापाला भुताच्या सिनेमाची गोष्ट ऐकवतो. दाराची करकर, वारा, पावलं, किंकाळी, सगळं तोंडाने. हा प्रवेश मुळात तमिळमधला, १९६४ च्या 'काधलिक्क नेरमिल्लै'मधला. तिथे तो नागेशने केला. १९६६ मध्ये हिंदीत मेहमूदने केला. म्हणजे दोन उस्तादांच्या हाताखालून आलेली चीज, आणि समोर तळवलकरांसारखा मुरलेला गडी. लक्ष्या त्यात नवं काही करत नाही, पण एक बारीक गोष्ट करतो. गोष्ट सांगता सांगता तो स्वतःही थोडासा घाबरतो. मेहमूद बापाला घाबरवतो. लक्ष्या बापाला सोबतीला घेतो.

त्याच सुमाराची मुंबई आठवायला माझं वय नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरण्यांचा संप, घरी बसलेले अडीच लाखांच्या आसपास कामगार, हे मी वाचलेलं. सिनेमांत त्यातलं काही येत नाही. गिरणी नाही, संप नाही. पण त्या सिनेमांतल्या पोरांकडे नोकरी नसते, खोली नसते, आणि असलेली आजउद्या जाणार असते. १९८८ च्या 'अशी ही बनवाबनवी'ची कथा काय? चार तरुणांना पुण्यात भाड्याने जागा हवी आहे आणि घरमालकीण लग्न झालेल्यांनाच जागा देते. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या हिंदी सिनेमातली. पण वसंत सबनीसांनी ती इतकी पुणेरी करून टाकली की ती कुठून आली होती हे सांगूनही कुणाला खरं वाटत नाही. मी पुण्यात बॅचलर म्हणून खोली शोधली आहे. "फॅमिली आहे का?" हा प्रश्न मला अकरा दारांत विचारला गेला. बाराव्या दारात मी हसलो, कारण मला 'बनवाबनवी'तले घरमालक सर्पोतदार आठवले. काकांना वाटलं मी त्यांना हसलो. ती खोली गेली.

'बनवाबनवी'तले संवाद आता लोकांना देवळातल्या आरतीसारखे पाठ आहेत, त्यामुळे ते मी इथे लिहीत नाही. मला त्यातलं डोहाळजेवण बघायला आवडतं. 'कुणीतरी येणार येणार गं' हे गाणं. झोपाळा, बायकांचा घोळका, आणि मधोमध गर्भार पार्वती, म्हणजे आमचा परशा. गाणं सुरू असताना परशाला दोन गोष्टी एकदम होतात. पकडलं जायची धास्ती, आणि कोडकौतुक. कधी नव्हे ते एवढी माणसं त्याच्याभोवती गोळा होऊन त्याचे लाड करत आहेत. ज्याला कुणी उभं करत नव्हतं त्याला आज झोपाळ्यावर बसवलंय, आणि पदर सरकला की सगळं संपणार. बाईचा वेश घेऊन हसवणारे पुष्कळ झाले. त्या वेशात मनापासून लाजणारा आणि मनापासून भ्यालेला मी हा एकच पाहिला. शेजारी सचिन सुधा म्हणून बसलेला आहे आणि तो खरोखर जास्त सुंदर दिसतो. पण डोळा पार्वतीवरून हलत नाही.

महेश कोठाऱ्यांना हे भीतीचं भांडवल पहिल्यांदा नीट कळलं असावं. त्यांच्या सिनेमांच्या नावांतच बघा: 'दे दणादण', 'थरथराट', 'धडाकेबाज', 'झपाटलेला'. यातला 'थरथराट' तर कुणी लक्ष्याच्या अंगकाठीवरूनच ठेवला असेल. या सिनेमांत कोठारे स्वतः शूर. जाकीट, डॅम इट, आणि वाऱ्यावर उडणारे केस. त्यांना कशाचीच भीती वाटत नाही, त्यामुळे आपल्याला त्यांच्याबद्दल काहीच वाटत नाही. टकलू हैवान असो की कवट्या महाकाळ, त्यांचा दरारा आपल्यापर्यंत पोचतो तो लक्ष्याच्या तोंडावरून. खलनायकाला मेकअपवाला जेवढं भयंकर करतो, त्याच्या दुप्पट लक्ष्या करतो.

'झपाटलेला'त हे टोकाला गेलं. मरता मरता तात्या विंचू नावाच्या गुंडाचा जीव एका बाहुल्यात जातो, आणि बाहुला येतो लक्ष्या बोळकेच्या हातात, ज्याला आधीच बोलक्या बाहुल्यांचा नाद. आता असा माणूस ओरडून सांगू लागला की हा बाहुला आपोआप बोलतो, तर लोक काय म्हणणार? तूच बोलवतोयस. किती चांगलं बोलवतोयस! जितका तो जीव तोडून सांगणार, तितकी ती त्याची कला ठरणार. माझ्या लेकीने विचारलं होतं ते हेच.

बाहुला रामदास पाध्यांचा. ज्यांच्या घरात वडिलांपासून अर्धवटराव नांदतो आहे त्या पाध्यांचा, तेव्हा तो साधा नव्हताच. आवाज दिलीप प्रभावळकरांचा, आणि त्या आवाजाने माझ्या पिढीच्या कित्येक रात्री खाल्ल्या आहेत. पण बाहुला शेवटी बाहुला. दोन हात लांबीचा, आखडलेला. तो माणसाच्या गळ्याला झोंबतो तेव्हा झोंबण्याचं सगळं काम माणसालाच करावं लागतं. लेकीने खोड काढल्यावर मी तो प्रवेश थांबवून थांबवून पुन्हा पाहिला. बाहुल्याला लक्ष्याने धरलेलं आहे आणि लक्ष्याला बाहुल्याने धरलंय असं तो दाखवतोय. वजन तोच देतोय, ओढ तोच देतोय, मागे भिंतीवर आपटतोयही तोच. मंत्र म्हणून तात्या विंचूचा जीव त्यात शिरला ही कथा झाली. बाहुल्यात जीव आला तो लक्ष्या त्याला घाबरला म्हणून.

हात, बाय द वे, उजवाच होता.

त्याच्या नावाबद्दल थोडं. मराठीत नावाला 'या' लावला की ते फार जवळचं होतं आणि त्याच वेळी एक पायरी खाली येतं. बंड्या, पक्या, दिन्या. लाडका तो खरा, पण चहा आणायलाही त्यालाच पाठवायचं. आपल्या सिनेमात अशोक सराफ मामा झाले, निळू फुले भाऊ झाले, कोंडके तर दादाच. बेर्डे लक्ष्या राहिला. सिनेमांतसुद्धा पात्राचं नाव पुष्कळदा लक्ष्याच. वेगळं नाव ठेवण्याची तसदी कोण घेणार? पन्नाशीला टेकलेल्या माणसाला गल्लीतलं शेंबडं पोर अरेतुरे करतं, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. हे लिहायला बसलो तेव्हा मी आधी 'ते' लिहून पाहिलं. एखाद्या निवृत्त तहसीलदाराविषयी लिहितोय असं वाटायला लागलं. खोडलं. म्हणजे मीही त्यांतलाच.

हिंदीने ही पायरी आणखी पक्की केली. १९८९ च्या 'मैंने प्यार किया'त तो मनोहर, घरचा नोकर. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन'मध्ये तो लल्लू, तोही घरचा नोकर. (आणि लल्लूची चमेली म्हणजे प्रिया अरुण, पुढे प्रिया बेर्डे.) मराठीत सिनेमा ज्याच्या नावावर चालतो, त्याला हिंदीत ट्रे घेऊन उभं राहायचं. याचा मला पूर्वी राग यायचा. आता लल्लू पाहतो तेव्हा वाटतं, त्या श्रीमंत, सदा हसऱ्या, सदा नटलेल्या घरात खरी धास्ती फक्त त्या एकट्याच्या तोंडावर आहे. प्रेम आणि निशाचं गुपित त्याला ठाऊक आहे आणि बोलायची सोय नाही. माणसांपुढे तोंड उघडता येत नाही म्हणून तो देवापुढे रडतो. मग देव ऐकतो आणि चिठ्ठी पोचवतो एक कुत्रा. त्या घरात कुत्र्याचं म्हणणं नोकराआधी ऐकलं जातं, हे लिहिणाऱ्याच्या लक्षात आलं होतं की नाही कोण जाणे.

सगळंच सोनं होतं असं म्हणायला मी तयार नाही. नव्वदच्या दशकात असे कितीतरी सिनेमे आले की ज्यांत गोष्ट नव्हती, दिग्दर्शन नव्हतं, नुसता लक्ष्या होता. त्याला सोडून द्यायचं आणि कॅमेरा चालू ठेवायचा. मग तो तेच डोळे, तेच ततपप, तोच पाय घसरणं, आणि मुलींच्या मागे लागण्याचे ते विनोद, जे आज लेकीबरोबर बघताना मी रिमोट शोधतो. घाबरायला समोर काहीतरी लागतं. समोर काहीच नसताना घाबरत राहिला की तो चाळा होतो. त्या वर्षांत त्याचा चाळा झाला होता. आम्ही तरीही जात होतो, हसत होतो, आणि बाहेर येऊन नावं ठेवत होतो. नाटकात मात्र तो वेगळा असायचा असं त्याचं 'शांतेचं कार्टं चालू आहे' पाहिलेले जुने लोक सांगतात. मी पाहिलं नाही. नाटकाचं हेच वाईट.

आणि याच्या मधोमध, १९९२ मध्ये, 'एक होता विदूषक'.

पटकथा पु. ल. देशपांड्यांची, कित्येक वर्षांनी सिनेमासाठी लिहिलेली. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. गाणी महानोरांची, संगीत आनंद मोडकांचं. मधू कांबीकर, निळू फुले, मोहन आगाशे, प्रभावळकर अशी सगळी भारी मंडळी. आणि नायक म्हणून, तमाशातल्या सोंगाड्याचा सिनेनट आणि सिनेनटाचा पुढारी होत जाणारा आबुराव म्हणून, लक्ष्या. मला आजही ही निवड धाडसाची वाटते. आबुरावला एक लहान मुलगी आहे, जाई. ती हसत नाही. सगळ्या महाराष्ट्राला हसवणारा बाप तिच्यापुढे बसून तिला गोष्ट सांगतो, आणि ती हसत नाही.

त्या प्रवेशांत तो जे करतो ते त्याने दुसरीकडे कुठेच केलेलं नाही. तो घाबरलेला आहे, पण लपवून. आयुष्यभर भीती उघडी करून पैसे मिळवले, आणि इथे पहिल्यांदा ती आत ठेवायची आहे. पोरीपुढे हसरं तोंड ठेवायचं, आणि फक्त मधेच एखादा शब्द गिळायचा. ततपप नाही. नुसता एक श्वास चुकतो. बघताना माझ्या घशात काहीतरी अडकतं ते तिथे.

सिनेमाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लावणीच्या नृत्यदिग्दर्शनासाठी लक्ष्मीबाई कोल्हापूरकरांना मिळाला. थिएटरात तो चालला नाही. आमच्या मिरजेत लागला तेव्हा माझा काका बघून आला होता. मी पोरगा होतो, पण त्याचं वाक्य लक्षात आहे. "लक्ष्या आहे, पण लक्ष्या नाही त्यात." पैसे फुकट गेल्याची तक्रार होती ती. थिएटरात लोक हसायचे म्हणे, नको तिथे. गंभीर प्रसंग आला, लक्ष्याने तोंड उघडलं, की आता काहीतरी येणार म्हणून आधीच हसू. काही न येताच प्रसंग संपला की चुळबुळ. पडद्यावर एकटी जाई हसत नव्हती आणि पडद्यापुढे बाकीचं सगळं गाव थांबत नव्हतं.

त्याला हे फार लागलं असं त्याच्या जवळचे सांगतात. पुढच्याच वर्षी 'झपाटलेला' आला आणि सगळं पूर्ववत झालं. लोकांना त्यांचा लक्ष्या परत मिळाला. तो ओरडून सांगत होता की हे खरं आहे, आणि कुणी ऐकत नव्हतं.

१६ डिसेंबर २००४ ला तो गेला. मूत्रपिंडाचा आजार होता. पन्नास पूर्ण होऊन दोन महिनेही झाले नव्हते. मी तेव्हा पुण्यात कॉलेजला, रात्री मेसमध्ये जेवत होतो. कोपऱ्यात वर टांगलेल्या टीव्हीवर बातमी आली. वाटाण्याची उसळ होती, का कोण जाणे ते आठवतं. बातमी देणाऱ्या बाईंनी गंभीर आवाजात दोन वाक्यं सांगितली आणि मग त्याचे प्रवेश दाखवायला सुरुवात केली. दुसरं काय दाखवणार? 'बनवाबनवी' आला, 'धूमधडाका' आला. पहिल्यांदा कोण हसलं ते कळलं नाही. मग सगळी मेस हसायला लागली. वाढणारा पोऱ्या हातात आमटीचं भांडं घेऊन तसाच उभा राहून हसत होता. खाली काळ्या पट्टीवर त्याचं नाव, जन्माचं साल, मृत्यूचं साल, आणि वर तो डोळे मोठे करून काहीतरी सांगत होता. मीही हसलो. घास तोंडात होता, ठसका लागला. शेजारच्याने पाठीवर थापट्या मारल्या. डोळ्यांतलं पाणी पुसताना ते ठसक्याचं आहे असंच सगळ्यांना वाटलं, आणि मला स्वतःलाही अजून नक्की सांगता येत नाही.

तर लेकीबरोबर 'झपाटलेला' संपला. तात्या विंचूचा शेवट झाला. ती जांभई देत उठली, दात घासले, झोपायला गेली. तिच्या अंथरुणाशी एक कापडी बाहुली असते, लोकरीच्या केसांची, एक डोळा बटणाचा. दिवा मालवायला गेलो तर बाहुली भिंतीकडे तोंड करून ठेवलेली.

मी मनात म्हटलं, लागली भीती. जरा बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

"घाबरलीस?"

"मी नाही," ती म्हणाली. "ती घाबरलीय."

"कुणाला?"

"लक्ष्याला. त्याने त्या बाहुल्याचं काय केलं ते तिने बघितलं ना."

मी बाहुली सरळ करायला हात पुढे केला.

"बाबा, राहू दे," ती म्हणाली. "तिला झोप लागली की मी वळवते."